'कोळसा व्यापाराची आई' की खाणीची मालकीण? ल्यूसी थॉमस आणि आपला ऐतिहासिक आळस

१/
वेल्समधील मर्थर टिडव्हिल या गावी ओतीव लोखंडाचे, वर छत्री असलेले एक कारंजे आहे. ते १९०६ साली रॉबर्ट आणि ल्यूसी थॉमस या दांपत्याच्या स्मरणार्थ उभारले गेले. दक्षिण वेल्सच्या बाष्प-कोळसा व्यापाराचे १८२८ मधील आद्य प्रवर्तक, असा दोघांचा एकत्र गौरव त्यावर केलेला आहे. पुढे रॉबर्ट विस्मरणात गेला आणि ल्यूसी 'वेल्श बाष्प-कोळसा व्यापाराची आई' म्हणून प्रसिद्धीस आली. प्रस्तुत धागा त्या 'आई' शब्दाविरुद्ध आहे.

२/
ल्यूसीविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिली: एक निरक्षर विधवा, आठ मुलांची आई, पतीच्या निधनानंतर एकटीने वेल्सचा कोळसा लंडनला पोहोचवते आणि साम्राज्याच्या जहाजांना इंधन पुरवते. दुसरी: हे सारे थोतांड, शोध नवऱ्याचा, विक्री दलालाची, कारभार मुलाचा, बाईचे केवळ नाव. माझे म्हणणे असे की दोन्ही कथा एकाच आळसातून जन्मल्या आहेत. दोहोंतही ल्यूसी व्यापारी म्हणून कोठेच दिसत नाही.

३/
आधी जे निश्चित आहे ते पाहू. माहेरची ल्यूसी विल्यम्स. स्वान्झीजवळच्या लान्सॅमलेट येथे १७८१ साली तिचा बाप्तिस्मा झाला. १८०२ मध्ये रॉबर्ट थॉमसशी विवाह. पुढे हे कुटुंब मर्थरच्या परिसरात स्थायिक झाले. त्या काळचे मर्थर म्हणजे वेल्समधील सर्वांत मोठी औद्योगिक वस्ती. कव्हार्थ्वा, डाउलाइस, प्लिमथ आणि पेनीडॅरेन या चार लोखंडी कारखान्यांच्या भट्ट्या तेथे रात्रंदिवस धगधगत असत. १८०४ साली ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन रुळांवरून धावले, ते याच पेनीडॅरेनच्या मार्गावर.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्थरच्या डोंगरात कोळसा विपुल होता, परंतु तो लोखंडाचा दास होता. कारखानदार कोळसा काढीत, तो स्वतःच्या भट्ट्यांत जाळण्यासाठी. कोळसा हाच विक्रीचा माल मानून त्यावर स्वतंत्र धंदा उभा करणे हा तेथील बड्या मंडळींच्या दृष्टीने किरकोळ उद्योग होता. थॉमस कुटुंबाने हात घातला, तो या किरकोळ मानल्या गेलेल्या उद्योगात.

५/
१८२४ साली रॉबर्टने मर्थरजवळच्या अबरकनाइड येथील वॉन विल्ट या जागी खाणकामाचा भाडेपट्टा घेतला. ही खोल विहिरीसारखी खाण नव्हती. टेकडीच्या पोटात आडवा बोगदा खोदून कोळसा बाहेर काढावयाचा, अशी तिची रचना होती. अशा खाणीला उभा कूप लागत नाही, माल वर ओढणारे इंजिन लागत नाही, म्हणून भांडवलही बेताचे पुरते. गिऱ्हाईक मुख्यतः घरगुती: मर्थर आणि कार्डिफमधील चुली व शेकोट्या.

६/
१८२८ मध्ये येथे 'चार फुटी' म्हणून ओळखला जाणारा कोळशाचा उत्तम थर हाती लागला. हा कोळसा पेटल्यावर धूर फार थोडा करी, उष्णता भरपूर देई आणि राख कमी ठेवी. बाष्पपात्राखाली जाळण्यास याहून उत्तम इंधन नव्हते. वाफेच्या जहाजांवर तर जागा मोजकी. थोड्या कोळशात अधिक वाफ मिळणे म्हणजे मालासाठी अधिक जागा आणि अधिक लांबचा पल्ला. 'बाष्प-कोळसा' हे नाव त्यामुळेच रूढ झाले.

७/
परंतु डोंगरातला कोळसा डोंगरातच राहिला तर त्याचे मोल शून्य. मर्थरहून कार्डिफच्या बंदराकडे १७९४ पासून ग्लॅमॉर्गनशर कालवा वाहत होता: सुमारे ४० किलोमीटर लांबी आणि वाटेत सुमारे पन्नास जलपाशद्वारे. वॉन विल्टचा कोळसा नावांतून या वाटेने खाली येई. कार्डिफला जॉर्ज इन्सोल आणि रिचर्ड बिडल हे भागीदार तो विकत घेत. १८३० च्या अखेरीस त्यांनी या खाणीचा ४१४ टन कोळसा जहाजाने लंडनला धाडला. साऱ्या दंतकथेचे मूळ या ४१४ टनांत आहे.

८/
दंतकथेत हा सौदा ल्यूसीने केला असे सांगितले जाते, कारण जुन्या लेखनात रॉबर्टचा मृत्यू १८२९ साली झाला असे गृहीत धरले होते. नवरा १८२९ मध्ये गेला, कोळसा १८३० मध्ये लंडनला गेला; तेव्हा पाठवणारी विधवाच असणार, असा तो हिशेब. नंतरच्या संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा रॉबर्टचा मृत्यू १८३३ सालचा निघाला. म्हणजे लंडनच्या त्या पहिल्या खेपेच्या वेळी रॉबर्ट हयात होता. एक सन बदलला आणि पुतळ्याखालचा चौथरा हलला.

९/
ही दुरुस्ती योग्यच आहे, आणि ती स्वीकारलीच पाहिजे. आवडत्या व्यक्तीसाठी तारखांशी तडजोड करणारा माणूस इतिहासप्रेमी नसून भक्त असतो. माझा आक्षेप या दुरुस्तीनंतर झालेल्या निवाड्याला आहे. 'पहिला सौदा तिचा नाही, म्हणून तिचे काहीच नाही' असा तो निवाडा. हे तर्कशास्त्र कोठले? १८३० चा सौदा तिच्या खात्यातून वजा करा. १८३३ ते १८४७ ही चौदा वर्षे मात्र उरतातच. त्यांचे काय करावयाचे?

१०/
१८३३ मध्ये तिच्या हाती काय आले ते पाहू. जमीन आली नाही, जमीन उमरावांची. आला तो भाडेपट्टा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीखालचा कोळसा काढण्याचा मुदतबंद हक्क. असा हक्क स्वस्थ बसून उपभोगता येत नाही. जमीनमालकाचे देणे ठरल्या दिवशी द्यावे लागते, खाणकामगारांची मजुरी चुकवावी लागते, बोगद्याला लाकडी टेकू द्यावे लागतात, कालव्याची पट्टी भरावी लागते आणि दलालाकडून दाम वसूल करावे लागतात. या साखळीतली एक कडी तुटली की हक्क जातो.

११/
कायद्याची बाजूही पाहा. इंग्लंड-वेल्सच्या तत्कालीन कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्व जवळपास नव्हते. तिची मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाले ते १८७० आणि १८८२ साली. म्हणजे ल्यूसीने १८३३ पूर्वी या धंद्यात कितीही हात राबवला असता, तरी करारावर नाव रॉबर्टचेच लागले असते. कागदावर रॉबर्ट आहे, एवढ्यावरून घरात एकट्या रॉबर्टचेच डोके चालत होते असे अनुमान काढणारा संशोधक कायद्याचा कागद वाचतो, संसार वाचत नाही.

१२/
वैधव्याने स्त्रीला करार करण्याचा, धंदा चालवण्याचा हक्क परत मिळे. दुःखाच्या दाराने आलेली ही मोकळीक होती. ल्यूसी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली. तिला पट्टा दुसऱ्याला देऊन टाकता आला असता, सारे मुलाच्या नावे करून बाजूला होता आले असते. तिने धंदा हाती ठेवला, मुलगा विल्यम याला सोबत घेतले आणि इन्सोलबरोबरचा व्यवहार पुढे चालवला. तोवर इन्सोल-बिडल ही भागीदारीही मोडली होती. दोन्ही टोकांना माणसे बदलली, तरी कोळशाचा ओघ थांबला नाही.

१३/
आणि हा काळ कोणता? जून १८३१ मध्ये मर्थरच्या कामगारांनी उठाव केला होता. मजुरीतील कपात आणि कर्जवसुलीच्या जप्त्या यांनी पेटलेल्या त्या संघर्षात सैनिकांनी गोळ्या घातल्या, अनेक माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये डिक पेंडेरिन या तरुण कामगाराला कार्डिफला फाशी दिले गेले. या घटनेला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ल्यूसीने खाणीचा ताबा घेतला. 'आयते बसलेली विधवा' म्हणणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी एकदा डोळ्यांसमोर आणावी.

१४/
आता निरक्षरतेविषयी. ल्यूसी सहीऐवजी फुली काढीत असे. आपल्या जुन्या दस्तांत 'निशाणी' असे, तशी. दंतकथा या फुलीवर गहिवरते आणि दंतकथेचे विरोधक तिच्याकडे बोट दाखवतात. दोघेही विसरतात की त्या सुमारास इंग्लंड-वेल्समधील सुमारे निम्म्या वधू विवाहाच्या नोंदवहीत फुलीच काढीत. शिवाय वाचणे आणि लिहिणे तेव्हा वेगवेगळे शिकवले जाई. वेल्समधील रविवारच्या शाळांत बायबल वाचायला शिकलेली, पण लेखणी कधी हाती न धरलेली माणसे अगणित होती. फुलीवरून लेखन येत नव्हते एवढेच सिद्ध होते. बुद्धी नव्हती असे सिद्ध होत नाही.

१५/
योगायोग असा की ल्यूसी वारली त्याच १८४७ साली वेल्समधील शिक्षणावरचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. वेल्श भाषा न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी तो सिद्ध केला होता. वेल्श लोक अडाणी आणि वेल्श स्त्रिया चारित्र्यहीन, असा त्याचा सूर. निळ्या वेष्टनातील या अहवालाची नोंद वेल्समध्ये 'निळ्या ग्रंथांचा विश्वासघात' अशी आहे. ज्यांना इंग्रजी लिहिता येत नाही त्यांना काहीच कळत नाही, हे मोजमाप त्या आयुक्तांचे होते. ल्यूसीच्या फुलीवरून तिची पात्रता ठरवताना आपण तेच मोजमाप हाती घेतो.

१६/
याच मर्थरमध्ये आणखी एक विधवा होऊन गेली: लेडी शार्लट गेस्ट. उमरावाची कन्या, वेल्श मध्ययुगीन कथांची इंग्रजी भाषांतरकार, आणि १८५२ मध्ये पती निवर्तल्यावर डाउलाइसच्या अवाढव्य लोखंडी कारखान्याचा कारभार पाहणारी स्त्री. तिच्या कर्तृत्वाविषयी वाद घालायला कोणी धजत नाही. कारण तिने आयुष्यभर रोजनिशी लिहिली. ल्यूसीने लिहिली नाही. दोघींच्या ऐतिहासिक प्रतिष्ठेतले अंतर बव्हंशी शाईचे अंतर आहे.

१७/
'कारभार खरे तर मुलगा पाहत होता' हा आक्षेप तर मला विशेष मौजेचा वाटतो. पाहत असेलच, कुटुंबाचा धंदा होता. पण हीच कसोटी पुरुषांना लावून पाहा. विल्यम क्रॉशेला कव्हार्थ्वाचा कारखाना वाडवडिलांकडून मिळाला. ब्यूटच्या दुसऱ्या मार्क्विसला कार्डिफची जमीन वारशाने मिळाली. तिच्यावर त्याने १८३९ मध्ये गोदी बांधवली आणि तो 'आधुनिक कार्डिफचा निर्माता' ठरला. गोदीचे दगड त्याने रचले नाहीत, हिशेब त्याच्या कारभाऱ्यांनी ठेवले. तरी कोणी म्हणत नाही की मार्क्विसचे केवळ नाव होते.

१८/
म्हणजे नियम असा झाला: पुरुषाला वारसा मिळाला तर तो पाया, स्त्रीला मिळाला तर तो पुरावा, तिचे स्वतःचे काही नसल्याचा. पुरुषाने माणसे नेमली तर ती दूरदृष्टी. स्त्रीने मुलाला सोबत घेतले तर मुलगाच खरा मालक. हा नियम कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही, म्हणूनच तो इतका चिवट आहे.

१९/
या गोंधळाच्या मुळाशी आपले 'पहिले'पणाचे वेड आहे. पहिली स्त्री, पहिली खेप, पहिला कारखाना. प्रश्नमंजूषेला हे ठीक. व्यापाराच्या इतिहासाला निरुपयोगी. व्यापार साखळी असते. थर रॉबर्टला सापडला, बाजार इन्सोलने शोधला, पुरवठा ल्यूसी आणि विल्यमने टिकवला. पुढे १८३७ मध्ये शेजारच्या ॲबरडेअर खोऱ्यात वेन कुटुंबाने याच थरासाठी खाण खोदली. १८४१ मध्ये मर्थर-कार्डिफ रेल्वे पूर्ण झाली. १८४८ मध्ये नौदलासाठीच्या कोळशाच्या चाचण्यांचा पहिला अहवाल आला, तेव्हा ल्यूसी हयात नव्हती.

२०/
या साखळीत ल्यूसीची कडी कोणती? सातत्याची. एखादा नमुना लंडनला पाठवणे ही घटना असते. वर्षानुवर्षे त्याच दर्जाचा माल पोहोचवत राहणे हा व्यापार असतो. खरेदीदाराचा विश्वास पहिल्या खेपेने बसत नाही, तो पुढच्या खेपांनी बसतो. १८३३ मध्ये वॉन विल्टचा पुरवठा थांबला असता, तर बाष्प-कोळशाचा व्यापार तरीही उभा राहिला असता, कारण थर डोंगरभर होता. पण तो कोणा दुसऱ्याच्या नावाने आणि बहुधा काहीसा उशिरा उभा राहिला असता. ल्यूसीचे श्रेय एवढेच आहे, आणि एवढे पुरेसे आहे.

२१/
आता 'आई' या शब्दाकडे परत येऊ. हा शब्द मला का खुपतो? कारण आईला कोणी भाव विचारत नाही. आईने सौदा किती ताणला, नफा किती राखला, मजुरी किती दिली, हे प्रश्न अभद्र वाटतात. 'आई' म्हणताच कोळशाच्या मालकिणीची माया होते आणि व्यापाराचा संसार. स्तुती झाल्यासारखी वाटते, आणि ज्या गोष्टीसाठी स्तुती व्हावी तीच, म्हणजे व्यवहार, दृष्टीआड जाते.

२२/
त्याच वेळी जाब विचारण्याचा मार्गही बंद होतो. १८४२ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे खाणींतील बालकामगारांचा अहवाल आला. दक्षिण वेल्सच्या खाणींत कोवळी मुले अंधारात तासन् तास बसून हवेचे दरवाजे उघडझाप करीत, हे त्यातून जगाला कळले. स्त्रिया आणि मुलीही भूगर्भात राबत होत्या. त्याच वर्षी कायदा होऊन भूगर्भातील कामास सर्व स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना मनाई झाली. हा उद्योग ज्यांच्या मालकीचा होता त्यांत ल्यूसी थॉमसही होती.

२३/
म्हणून ज्यांना ल्यूसीत केवळ 'प्रेरणादायी स्त्री' हवी आहे त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते: खाणमालकीण ही खाणमालकच असते. तिच्या नफ्याच्या पाठीशी बोगद्यात वाकून कुदळ मारणारे देह होते. ती स्त्री आहे म्हणून त्यांचे ओझे हलके झाले नाही. तिला माणसाचे स्थान द्यावयाचे असेल तर श्रेयासोबत उत्तरदायित्वही द्यावे लागेल. देवीला दोन्ही लागत नाहीत, आणि म्हणूनच देवी करणे सोपे असते.

२४/
कारंजे कोणी उभारले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यामागे पुढाकार होता सर विल्यम टॉमस लुईस यांचा. लुईस यांची पत्नी थॉमस घराण्याच्या वंशातील. ते स्वतः दक्षिण वेल्सच्या खाणमालक संघटनेचे अग्रणी आणि कामगार संघटनांचे कट्टर विरोधक. १९०६ म्हणजे वेल्श कोळशाच्या भरभराटीचा काळ. १९१३ पर्यंत दक्षिण वेल्सचे वार्षिक उत्पादन सुमारे ५.७ कोटी टनांवर जाणार होते. अशा वेळी मालकवर्गाला आपल्या धंद्याचा कौटुंबिक, सोज्ज्वळ उगम दाखवणे सोयीचे होते. स्मारक गेलेल्यांचे असते, पण उभारणाऱ्यांविषयी अधिक बोलते.

२५/
आपल्याला या वेल्श टेकडीचे काय? एक धागा थेट मुंबईला येतो. वॉन विल्टचा कोळसा लंडनला गेला त्याच १८३० साली, मार्च महिन्यात, मुंबईत बांधलेले 'ह्यू लिंडसे' हे वाफेचे जहाज सुएझकडे निघाले. कोळसा इतका भरला होता की प्रवाशांच्या खोल्यांतही ढीग लागले. पुढे १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या साठ्यासाठी ठाणे हवे हे एक मोठे कारण होते. आणि एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे सोपवला गेला. पुढील दशकांत या ठाण्यांवर वेल्श कोळसा येऊन पडू लागला. आपली बंदरेही त्या साखळीत होती.

२६/
तेव्हा ल्यूसीचे चित्र पुढच्या वेळी समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. हक्क कोणाच्या नावे होता? तो किती काळ, कोणत्या अडचणींत टिकवला? आणि त्याची किंमत कोणी मोजली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दंतकथा फोडणाऱ्यांना निरुत्तर करतील. तिसऱ्याचे उत्तर दंतकथा रचणाऱ्यांना. हेच प्रश्न क्रॉशे, ब्यूट आणि इन्सोल यांनाही विचारावेत. सर्वांना एकच तराजू.

२७/
ल्यूसी थॉमस २७ सप्टेंबर १८४७ रोजी अबरकनाइड येथे विषमज्वराने वारली. तिने जहाजांचा शोध लावला नाही, साम्राज्य उभारले नाही, कोळशाला जन्म दिला नाही. तिने एका टेकडीतला भाडेपट्टा चौदा वर्षे सांभाळला, आणि लिहिता येत नसताना, ज्या जगात सारे व्यवहार लेखी होत त्या जगात आपला शब्द चालवून दाखवला. तिला आई म्हणू नका. मालकीण म्हणा, आणि मग मालकाला जे विचारतात ते सारे तिलाही विचारा.

(धागा समाप्त. असहमती असल्यास अवश्य मांडा. फक्त सनावळ्या तपासून मांडा.)